भांडा, पण इंग्रजीत

हसा, खुशाल हसा. माझ्या बायकोचं अजून हसून झालेलं नाही, त्यात तुमची भर. फक्त एक करा, मध्येच थांबवून "मग पुढे?" असं विचारू नका. पुढे जे झालं तिथपर्यंत सांगत जायला मला धीर गोळा करावा लागतो. चहा घ्या, गार होतोय.

तर मी जळगावात, मेहरूणला, मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. पिठाच्या गिरणीवरची एक खोली आहे. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या केसांवर ज्वारीची भुकटी बसते. येणारी मंडळी म्हणजे दुकानदार, गृहिणी, विमा एजंट, शिवणक्लास चालवणाऱ्या बाया, नोकरीतून मोकळे झालेले आबा-नाना. लहान मूल एकही नाही.

आणि मोठ्या माणसांना बोलतं करणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. लहान मूल चुकलं तर स्वतःच हसतं आणि पुढच्या वाक्याला लागतं. पन्नाशीचा माणूस वर्गात एकदा चुकला की घरी जाताना भाजी घ्यायची विसरतो. आयुष्यभर ज्याचं घरात, दुकानात, गावात ऐकलं गेलं, त्याला एकदम तोतरं व्हायला सांगायचं, ही काय सोपी गोष्ट आहे का? म्हणून मंडळी गप्प बसायची. मी प्रश्न विचारला की सगळे इतक्या नम्रपणे वह्यांत बघायचे की मलाच अपराधी वाटायचं.

त्यावर मी उपाय काढला, वादविवादाचा. विषय द्यायचा, दोन बाजू करायच्या, एकानं बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. माणूस चिडला की बोलतो, हे मला घरच्या अनुभवावरून माहीत होतं. पहिला विषय ठरलेलाच, मोबाईल शाप की वरदान. पहिले बोलायला आमचे नाना उठले. म्हणाले, "मोबाईल बॅड." आणि बसले. विरुद्ध बाजूला रेखाताई होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "नाना राइट." आणि त्याही बसल्या. संपला वाद.

मी रेखाताईंना बाजूला घेऊन समजावलं की तुम्ही विरोध करायचा होता. त्यांनी मलाच वेड्यात काढलं. नानांच्या तोंडावर नानांना खोटं कसं पाडणार? ते वडीलधारे आहेत, सर.

आता हे नाना कोण ते सांगतो, कारण सगळा घोळ त्यांच्यापासून सुरू होतो. मूळचे एरंडोलकडच्या एका खेड्यातले. नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत झाली, आता मुलाकडे जळगावात असतात. इंग्रजी कशासाठी शिकायचं होतं? तर मोबाईलवर कर्ज घ्या, कार्ड घ्या असे इंग्रजीत फोन येतात, त्या पोरींना इंग्रजीतच खडसवायचं होतं. एवढा स्वच्छ हेतू घेऊन माझ्या वर्गात दुसरं कोणीच आलेलं नाही. नाना आवाजानं मोठे, मिशीनं मोठे आणि स्वतःबद्दल त्यांचं मत त्याहून मोठं.

नानांच्या विरुद्ध कोणी बोलत नाही म्हटल्यावर मी नानांना वादातूनच काढलं आणि परीक्षक केलं. वेगळी खुर्ची दिली. समोर टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या. मला वाटलं, वा, काय शक्कल काढली.

इथेच मी घसरलो. नाना नोकरीच्या दिवसांत सुट्टी मिळाली की गावी जायचे आणि मारुतीच्या ओट्यावर बसून भाऊबंदांची भांडणं मिटवायचे. बांध कोणाचा, गोठ्याची भिंत कोणी सरकवली, जावई का रुसला, असली प्रकरणं. त्या माणसाला मी खुर्ची, टेबल आणि तांब्या दिला. म्हणजे काय दिलं ते त्याला कळलं, मला नाही.

पहिला निकाल द्यायची वेळ आली. शहर चांगलं की खेडं, असा विषय होता. दोन्ही बाजू कशाबशा बोलल्या. मी म्हटलं, नाना, जिंकलं कोण? नानांनी दोघांना पुढे बोलावलं, पाणी पाजलं आणि सांगितलं की पेरणी आणि काढणीला खेड्यात राहायचं, बाकी वर्ष शहरात. दोघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, अहो नाना, तडजोड नाही करायची, विजेता सांगायचा. नाना माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मी चोरी करायला सांगितली.

"एकाले हारेल करीसन घर धाडाले मी आठे बशेल नही, सर," ते म्हणाले.

एकाला हरवून घरी पाठवायला मी इथे बसलेलो नाही. मी हसून सोडून दिलं. आज वाटतं, त्या दिवशी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवायला हवं होतं.

पण झालं असं की वर्ग बोलायला लागला. हरायची भीतीच गेली ना! कितीही चुका करा, शेवटी नाना दोघांनाही मान देऊन बसवणार. मग मंडळी स्वतःच विषय सुचवायला लागली, आणि मी खूश. पहिला विषय आणला रेखाताईंनी. एका घरात दोन स्वयंपाकघरं, चांगलं की वाईट? मला वाटलं, काय छान घरगुती विषय आहे, भांडीकुंडी, भाज्या, सगळे शब्द होऊन जातील. बाजूनं रेखाताई आणि विरुद्ध संगीताताई. ह्या दोघी एकाच घरातून, एकाच रिक्षातून यायच्या आणि वर्गात दोन टोकांना बसायच्या. सख्ख्या जावा. मला वाटायचं, घरी रोज भेटतात म्हणून इथे लांब बसत असतील. असा मी हुशार!

वाद सुरू झाला. एरवी एका वाक्यात बसणाऱ्या रेखाताई थांबायलाच तयार नाहीत. "आय कुक मॉर्निंग. आय कुक इव्हिनिंग. शी टीव्ही." संगीताताईंनी उलट ऐकवलं, "शी लॉक तिखट. शी लॉक साखर." मधला एक शब्द सापडला नाही तर दोघीही थांबायच्या, वर बघायच्या, शोधायच्या, आणि तेवढ्यात राग थोडा उतरायचा. एकदा संगीताताईंनी दात-ओठ खाऊन वाक्य जुळवलं, "यू आर बिग हाउस डॉटर." रेखाताईंना ते इतकं आवडलं की त्यांनी "थँक यू" म्हटलं. मग दोघीही रडल्या. मला वाटलं, काय हा अभिनय!

नानांनी निकाल दिला. स्वयंपाकघर एकच, पण सकाळ एकीची आणि संध्याकाळ दुसरीची, आणि जिची वेळ असेल तिच्यात दुसरीनं नाक खुपसायचं नाही. डब्यांची कुलपं काढायची. त्यानंतर दोघी शेजारीशेजारी बसायला लागल्या. मी त्याचं श्रेय माझ्या शिकवण्याला दिलं.

पुढे नवीन मंडळी येऊ लागली, तीही जोड्यांनी. मोटर वायंडिंगच्या दुकानाचे दोन भागीदार आले. एक बाप आणि मुलगा आला. भिंतीला भिंत लागून घर असलेले दोन शेजारी आले. सगळ्यांचे विषय तयार. दुकानाची पाटी बदलावी का? मुलानं शेतात केळी लावावी की लिंबू? शेजारच्या शेवग्याच्या शेंगा आपल्या अंगणात पडल्या तर त्या कोणाच्या? मी प्रत्येकाला शाबासकी द्यायचो की विषय किती कल्पक आहे. ह्याला मी "माझी पद्धत" म्हणायला लागलो होतो. बायकोला सांगून झालं, भाजीवाल्याला सांगून झालं, सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगून झालं.

एकच माणूस उरलं होतं. धुळ्याची माझी अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. तिची मुलगी पल्लवी, माझी एकुलती एक भाची, तिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे पहिली पत्रिका पद्मालयाच्या गणपतीला जाते आणि दुसरी मामाला. हातात, कुंकू लावून, घरी येऊन. आणि मला ती पत्रिका आली कशी? मोबाईलवर फोटो! खाली चार शब्दसुद्धा नाहीत. नुसता फोटो, त्यातही अंगठा आलेला.

माझं डोकंच सटकलं. मामा आहे मी! मुलीला बोहल्यावर कोण आणणार? तिच्या मागे कोण उभं राहणार? त्याआधी अक्काचे दोन-तीन फोन येऊन गेले होते, ते मी घेतले नव्हते, कारण तेव्हा मी दुसऱ्याच एका बारीक गोष्टीवरून रुसलो होतो. पत्रिकेनंतर तर मी जाहीरच करून टाकलं की ती स्वतः येऊन कुंकू लावत नाही तोवर मी लग्नाला पाय ठेवणार नाही. बायको, म्हणजे वंदना, काही सांगायला लागली की "अहो, अक्कांचं..." एवढ्यावरच मी हात वर करायचो. अक्का हा शब्द घरात बंद होता. लग्न जवळ येत चाललं होतं आणि रात्री झोप लागत नव्हती, पण हट्ट म्हणजे हट्ट. मी पोराबाळांवर गेलो नाही, पोरंबाळंच माझ्यावर गेली आहेत, असं वंदना म्हणते.

आता वर्गाकडे या. एक दिवस दोघं जण आले, नेहमीसारखे जोडीनं, पण त्यांच्या मागे तिसरा. मी विचारलं, ह्यांनाही प्रवेश हवाय का? तर म्हणाले, नाही, हा साक्षीदार आहे. मी म्हटलं, कसला साक्षीदार? तेवढ्यात त्यातला एक हात जोडून म्हणाला, "सर, आमची तारीख लवकर लावा ना. घरात बोलणं बंद आहे."

माझ्या डोक्यात गिरणी सुरू झाली. दोन स्वयंपाकघरं. दुकानाची पाटी. शेवग्याच्या शेंगा. म्हणजे हे विषय नव्हतेच? ही खरीखुरी भांडणं होती, आणि मी त्यांना उच्चार सुधारा, उच्चार सुधारा म्हणत बसलो होतो!

मी नानांना गाठलं. नाना तांब्यातलं पाणी पीत शांतपणे बसले होते. मी विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं? तर म्हणाले, बठ्ठ्यासले माहीत शे, तुम्हालाच नव्हतं. मग मी विचारलं की भांडणच मिटवायचं तर आपल्या भाषेत मिटवा ना, इंग्रजीचे हाल कशाला?

त्यावर नानांनी सांगितलं ते ऐका. "भांडण मराठीमा व्हयनं का मांगनं बठ्ठं निंघस. कोणाना लगीनमा कोण रुसनं, कोण काय बोलनं. इंग्लिशमा मांगनं निंघतच नही. जितलं जमस तितलंच बोलस माणूस."

म्हणजे आपल्या भाषेत भांडलं की मागचं सगळं निघतं, आणि इंग्रजीत जेवढं जमतं तेवढंच माणूस बोलतो. मी घरी जाताना त्याचाच विचार करत गेलो. खरंच की! टोमणा मारायला भाषा फार लागते. "तुमचं काय बाई, तुम्ही मोठ्या घरच्या लेकी," ह्याचं मोडकं इंग्रजी केलं की नुसतं कौतुक उरतं. घालून-पाडून बोलणं, सुनावणं, लेकी बोले सुने लागे करणं, ह्यातलं काहीच त्यांना जमत नव्हतं. उरत होतं ते फक्त दुखणं. मला हे हवं, मला हे लागलं, बस. आणि दुखणं एवढं उघडं समोर आलं की समोरचाही विरघळतो. मला त्या रात्री माझ्या विद्यार्थ्यांबद्दल फार माया वाटली. वर्ग बंद करायचा विचार मनात आला होता, तो मी काढून टाकला. चालू दे म्हटलं.

ह्यातलं काही मी स्वतःला लावून बघितलं का? छे! मी तर शिक्षक ना.

त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात गेलो तर मागच्या बाकावर वंदना चहाचा मोठा थर्मास घेऊन बसलेली. ती वर्गात कधी येत नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं. नाना खुर्चीवर, तांब्या भरलेला. आणि पुढच्या बाकावर, पाय लांब करून, गुडघ्याला पट्टा बांधून, अक्का. शेजारी तिला गाडी करून घेऊन आलेली पल्लवी.

रेखाताईंचं माहेर धुळ्याचं, अक्काच्याच गल्लीतलं. बाकी मी सांगायला नको. बायकांचं एकदा ठरलं की आपल्याला शेवटीच कळतं.

मी काही पाहिलंच नाही असं दाखवत फळा पुसला. कोरा फळा पुसला. मग विचारलं, आजचा विषय काय? पल्लवी उभी राहिली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "पत्रिका हातात मिळाली नाही तर मामानं लग्नाला यावं का?" ती पुण्यात एका कंपनीत काम करते, दिवसभर तिचं सगळं इंग्रजीतच चालतं. मी म्हटलं, बाजूनं कोण बोलणार? अक्कानं हात वर केला. विरुद्ध कोण? कोणीच हात वर केला नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, हे बरोबर नाही, मी शिक्षक आहे. नाना म्हणाले, शिक्षक कोणाना मामा नसस का? मी म्हटलं, निदान मराठीत तरी बोलू. नानांनी मान हलवली. वादात फक्त इंग्रजी, नियम तो नियम, आणि तो मीच केलेला.

आणि खरं सांगू? आतून मला बरं वाटलं. अक्का दहावी शिकलेली, तीही किती जुनी. इंग्रजीत ती माझ्यापुढे काय टिकणार? आयुष्यात पहिल्यांदा अक्काशी भांडण जिंकायची संधी आली होती. मी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि सुरुवात केली.

काय बोललो असेन मी! सन्माननीय परीक्षक महोदय इथपासून सुरुवात. आवाज चढवला, उतरवला, जिथे थांबायचं तिथे थांबलो. मागचं सगळं काढलं. तिच्या वास्तुशांतीला मला पोरांच्या पंगतीत बसवलं होतं ते काढलं. दाजी एकदा मला "मास्तर" म्हणाले होते ते काढलं. आई आजारी असताना कोण किती धावलं तेही काढलं, आणि ते काढायला नको होतं. इतके टोमणे मी मराठीतसुद्धा कधी मारले नसतील. इंग्रजीत कसे धारदार निघत होते! शेवटी तर मी म्हणालो की मंडपवाला, स्वयंपाकी आणि वाजंत्री ठरवून झाल्यावर ह्या बाईंना आठवण झाली की अरे, एक मामासुद्धा लागतो, आणि तो भाड्यानं मिळत नाही म्हणून भावाला फोटो धाडला. हे मी इतक्या सफाईनं बोललो की वाक्य संपल्यावर मीच खूश झालो.

मंडळी थक्क होऊन बघत होती, कळलं कोणालाच नव्हतं. अक्का तर माझ्याकडे कौतुकानं बघत होती. ती मला बापू म्हणते; बापू किती छान इंग्रजी बोलतो, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मग माझी नजर पल्लवीकडे गेली. तिनं मान खाली घातली होती. तिला शब्द न् शब्द कळला होता. कळणारच. तिला ए-बी-सी-डी मीच शिकवली होती, ह्याच हातांनी, धुळ्याच्या घरी, पाटीवर. मी खाली बसलो. हातातला खडू मोडला होता.

नानांनी अक्काला खूण केली. ती बाकाला धरून उठली. उठताना तिला किती त्रास झाला ते सगळ्यांनी बघितलं. पल्लवीनं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. आणि ती बोलायला लागली. एकेक शब्द शोधत, प्रत्येक वाक्यानंतर थांबत.

"माय नी बॅड," ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "डॉक्टर से, नो बस." मग बराच वेळ थांबली. "आय फोन. यू नो फोन." पुन्हा थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. "आय नो अँग्री. माय डॉटर वन. माय ब्रदर वन." आता पुढचा शब्द तिला सापडेना. तिनं वर बघितलं, छताकडे, जसे सगळे बघतात. गिरणी बंद होती. शेवटी तिला सापडला. "यू कम," ती म्हणाली.

आणि कमरेच्या पिशवीतून तिनं हळदीकुंकवाची डबी काढली.

रेखाताईंनी पदर डोळ्याला लावला. वायंडिंगवाले दोघे भागीदार एकमेकांकडे बघेनात. मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. तिचे फोन मी घेतले नव्हते. ती काय सांगायला फोन करत होती ते आत्ता कळत होतं. वंदना काय सांगू बघत होती तेही कळत होतं. आणि मी एवढं इंग्रजी बोललो होतो, त्यातलं एकही वाक्य आता परत घेता येत नव्हतं.

नानांनी घसा खाकरला. म्हणाले, अक्कानं बोलनं माले बठ्ठं समजनं. पण सर काय बोलनात ते माले काही समजनं नही, आणि दोन्ही बाजू समजल्याशिवाय मी निकाल देत नाही. त्यांनी वर्गाला विचारलं, कोणाला समजलं? कोणालाच नाही. मग अक्काच म्हणाली, थांबा, माझ्या पोरीला समजलं असेल, तिला येतं ना. आणि पल्लवीकडे वळून तिनं विचारलं, "मामा काय म्हणाला गं?"

पल्लवी उभी राहिली. ती आता एकेक शब्द सांगणार. पोरांची पंगत, दाजी, आई, आणि ते भाड्याचं वाक्य. अक्का हातातली डबी बंद करणार, गुडघा धरून जिना उतरणार, आणि पुन्हा कधी ह्या गावात येणार नाही. पोरीच्या मागे लग्नात कोणीतरी दुसराच उभा राहील. आणि मला एक शब्द बोलायला तोंड उरणार नाही, ना इंग्रजीत, ना मराठीत.

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ती लहानपणी पाटीवरचं अक्षर चुकलं की मी रागावतो की नाही, हे बघायला असंच बघायची. मग ती आईकडे वळली.

"मामा म्हणाला, येतो," ती म्हणाली.

वंदनानं मागे कप मांडायला सुरुवात केली. अक्कानं डबी उघडली, बोटाला कुंकू घेतलं, माझ्यापुढे आली, आणि कपाळाकडे नेलेला हात मध्येच थांबवून माझ्याकडे संशयानं बघायला लागली.

"इतलंच?" ती म्हणाली. "इतलं सांगाले इंग्लिशमा इतला येळ लागस?"